बैलाच्या नालेचा छाप मारलेले खिळपाट मंडईआधी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. रेंजर साहेब,
जंगल खाते, सोनदरी रेंज,
जिल्हा चांदा.

अर्जदारीण : सौ. भागीरथा मंगरू लेनगुरे, धंदा शेती व मूल सांभाळणे, राहणार बोरगट्टा.

विषय : येत्या शुक्रवारी आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत भरणारे खिळपाटांचे प्रदर्शन व सामने, आणि त्यांचे सगळे पाट आपल्या डेपोत अडकून पडल्याबाबत.

संदर्भ : आपल्या नाकेदारांनी गेल्या गुरुवारी आमच्या ओट्यावर बसून, आमचाच चहा पिऊन केलेला पंचनामा.

महोदय,

बोरगट्टा येथील बायांच्या वतीने हा अर्ज सादर करीत आहे. बायांमध्ये सातवी पास मी एकटीच, म्हणून हे काम माझ्याकडे आले. माझी मुलगी सुकरी अजून रांगत नाही. ती झोपली की लिहिते, उठली की थांबते. अर्जात कुठे अक्षर तिरपे गेले असेल तर त्या वेळी ती मांडीवर होती असे समजावे, सरकारचा अनादर समजू नये. अनादर जिथे आहे तिथे अक्षर सरळ आहे.

१) प्रथम खिळपाट म्हणजे काय ते सांगते, कारण पंचनाम्यात त्याला "खिळेयुक्त संशयास्पद सागवान" असे म्हटले आहे. दीड हात लांबीची फळी घ्यायची, एका टोकाखाली वीट लावून तिरपी ठेवायची. फळीवर खिळे ठोकलेले असतात आणि मधे मधे गोटी मावेल अशी घरे कोरलेली असतात. बाजूच्या खोबणीतून बांबूच्या कमचीने गोटी वर उडवायची. ती खिळ्यांना धडकत, वाट चुकत खाली येते. ज्या घरात पडेल त्या घराचे गुण. पैसा कोणी लावत नाही. गुण चिंचोक्यांनी मोजतो आणि खेळ संपला की चिंचोके भाजून खातो. जुगाराचा आरोप कोणी केलाच तर पुरावा आमच्या पोटात आहे.

माझा भाऊ वारलू नागपूरला एका प्रदर्शनात अशीच काचेची पेटी पाहून आला. तिला पिनबॉल म्हणतात, आत दिवे लागतात. तो म्हणाला, "बाई, तिथी पैसा टाका लागते, अन् गोटी कुठी पडन ते पेटीवालाच ठरवते." आमच्या पाटावर गोटी कुठे पडेल हे कोणीच ठरवत नाही. त्यामुळे आमचा खेळ जास्त प्रामाणिक आहे असे आम्हाला वाटते.

२) हा खेळ आम्ही हौसेने काढला नाही. सुकरी दुपारी झोपत नसे. धान कापून यायचे, वाकून वाकून पाठीचे लाकूड झालेले, आणि ही पोरगी डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघते. एके दिवशी घरच्या मोडक्या दाराच्या फळीवर खिळे ठोकून सोड्याच्या बाटलीतली गोटी तिच्यासमोर सोडली. टिक, टिक, टिर्र असा आवाज होत गोटी उतरली. पहिल्या गोटीला तिचे डोळे मोठे झाले. मग हळूहळू जड झाले. मग ओठाच्या कोपऱ्यातून दुधाची धार गळत ती अशी झोपली की मी दोनदा नाकापुढे बोट धरून पाहिले. साहेब, त्या दिवशी मी गरम भात खाल्ला. बाळंतपणानंतर प्रथमच.

शेजारची नजमा आपल्या मुलाला घेऊन आली, तोही झोपला. मग गल्लीतल्या सगळ्याच आल्या. मुले झोपली की आया खेळत बसल्या, हे ओघानेच झाले. माझी सासू रुखमाबाई आधी म्हणे, "लेकरू झोपलं ना? मंग गोट्या काऊन खेळून राह्यल्या? लाजा नाई वाटत?" आता तिच्यासारखा नेम गावात कोणाचा नाही, आणि हरली तर ती जेवत नाही.

३) मंडईला गावात पाहुणे येतात. रात्री नाटक असते, ते पुरुष करतात, बायांची कामेही पुरुषच करतात. दुपार मोकळी असते. तेव्हा बायांनी ठरविले की या वर्षी दुपारी देवळामागच्या पटांगणात खिळपाटांचे प्रदर्शन मांडायचे व सामने घ्यायचे. वर्गणी नाही, पगार नाही. ज्या घरी जुनी फळी होती त्या घराने फळी दिली, कोणी खाटेची, कोणी जात्याखालच्या पाटाची. नजमाचे सासरे गुलाम रसूल बैलांना नाल ठोकतात, त्यांनी नालेचे जुने खिळे दिले. सारवण, पाणी, चिंचोके, सगळे वाटून घेतले. अध्यक्ष कोणी नाही, कारण ते सगळ्यांनाच व्हायचे होते. एकच नियम पक्का आहे. खेळताना आईचे मूल उठले तर डाव थांबेल, ती पाजून येईपर्यंत गोटी जिथे आहे तिथेच राहील आणि फळीला कोणी हात लावणार नाही. असा नियम साहेबी पेटीत असेल असे वाटत नाही.

४) आता गुन्ह्याकडे येते. आमचे गाव लाकूड डेपोच्या रस्त्यावर आहे. हातोड्याचा शिक्का असला तर लाकूड पास, नसला तर चोरीचे, हे आम्ही चालायला लागण्याआधी शिकतो. पोळ्याच्या मातीच्या बैलांनाही इथली पोरे ढुंगणावर शिक्का मारतात. त्यामुळे सामन्यासाठी पाट तपासले तेव्हा, ज्यावर गोटी अडत नाही तो पास, आणि पास म्हणजे छाप, एवढेच आमच्या डोक्यात आले. गुलाम रसूल चाचांनी जुनी नाल तापवून प्रत्येक पाटाच्या टोकाला दाबली. आम्ही टाळ्या वाजविल्या. यात काही वाईट आहे असे एकीच्याही मनात आले नाही. मनात आले असते तर नाकेदार बापूजी भाऊ नाटकाच्या मांडवाचे बांबू तपासायला आले तेव्हा पाट आम्ही दारात मांडून ठेवले नसते.

५) भाऊंनी छाप पाहिला आणि चहा अर्धा ठेवून ओरडले, "हा हातोडा कोनाचा? सरकारी शिक्क्याची नक्कल करून राह्यल्या तुमी!" सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, हातोडा नाई, नाल होये. माहं खोटं वाटत असन त बैलाले इचारा." भाऊ म्हणाले, "समद्या जेलात जान!" नजमाने विचारले, "जेलात झुलवाले पायने हायत का भाऊ? लेकरं घेऊनच येतो." यावर भाऊंनी पंचनामा लिहिला, उरलेला चहा प्यायले आणि पाट बैलबंडीत टाकून नेले. कमच्या बांबूच्या म्हणून त्याही नेल्या.

साहेब, आपल्या खात्याच्या हातोड्यात अक्षरे असतात. आमच्या छापात अर्धा चंद्र आणि खिळ्यांची भोके आहेत. सरकारचा शिक्का बैलाच्या पायासारखा दिसतो, असे म्हणणे नाकेदारांचे आहे, आमचे नाही. तरीही छापाने सरकारचे मन दुखावले असेल तर रंधा मारून तो काढून देऊ.

राहिले सागवान. फळ्या जुन्या घरसामानाच्या आहेत, ज्याचे त्याने येऊन ओळखावे. फक्त एका पाटाबद्दल मी जास्त लिहीत नाही. तो ज्या घरून आला त्या घरावर सरकारी क्वार्टरचा नंबर आहे, आणि ती फळी पूर्वी जंगल खात्याच्या पेटीचे झाकण होती. ते झाकण नाकेदारीणबाईंनी स्वखुशीने दिले. भाऊंनी पंचनाम्यात आपले स्वतःचे झाकण जप्त केले आहे हे त्यांना अजून कळलेले नाही. बाईंनी सांगू नको म्हटले आहे, म्हणून मी फक्त आपल्याला सांगत आहे.

६) शनिवारी डेपोत गाडी घेऊन गेलेल्या माणसाबरोबर आपले चौकीदार दादाजी यांचा निरोप आला. निरोप असा : "बाईले इचार, मधल्या घराचे किती?" याचा अर्थ आम्ही काय समजावा? मुद्देमाल कुलपात आहे असे आम्हाला सांगण्यात आले होते. तरी विचारलेच आहे म्हणून कळविते. मधल्या घराचे वीस. कडेच्या घराचे पाच. गोटी पाट सोडून चौकीदाराच्या पायावर पडली तर काही नाही.

७) इकडे आमची परिस्थिती अशी आहे. गुरुवारपासून गल्लीतले एकही मूल दुपारी झोपलेले नाही. एक रडते, ते ऐकून दुसरे रडते. कापणी करून आलेल्या बाया भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी झोपतात. मी सुकरीला जिभेने टिक टिक करून दाखविले. ती हसली, पण झोपली नाही. तिला वाटले आई खेळते आहे. एवढे लिहायला मला तीन दिवस लागले आणि मंडई शुक्रवारी आहे. पाहुण्यांच्या गावी निरोप गेले, लेकी माहेरी निघाल्या. वर्षात एक दुपार आमची ठरली होती, त्या दुपारी आता पटांगणात नुसत्या विटा मांडून दाखवायच्या का?

सबब विनंती की पाट गुरुवारपर्यंत परत मिळावे. चौकशी संपल्याशिवाय मुद्देमाल सोडता येत नसेल तर तो सोडू नये, नुसता पाठवावा. दादाजी चौकीदारांनी तो डेपोच्या बंडीतून आणावा, शेजारी काठी घेऊन बसावे, आणि संध्याकाळी मोजून परत न्यावा. मुद्देमाल सरकारच्या ताब्यातच राहील, फक्त खेळला जाईल. दादाजींचे नाव पहिल्या फेरीत रुखमाबाईंविरुद्ध घातले आहे. चौकीदारांना हे अजून सांगितलेले नाही, पण सासूबाईंना सांगितले आहे आणि त्या सकाळपासून बोटे मोडत आहेत.

हेही जमत नसेल तर शुक्रवारी दुपारी आम्ही सगळ्या मुलांसह डेपोत हजर होऊ. पाट जिथे आहेत तिथेच त्यांना झोपवू आणि आया म्हणून आम्हीही तिथेच आडव्या होऊ. सगळ्यांची झोप आपल्या कुलपात आहे, ती घ्यायला आम्हाला यावेच लागेल. आवाज न करता आपले काम चालू ठेवावे. एक जरी उठले तरी त्याला पुन्हा झोपविण्याची जबाबदारी कचेरीची राहील.

सुकरी उठली. कळावे.

आपली विश्वासू व सध्या जागीच असलेली,
सौ. भागीरथा मंगरू लेनगुरे
(खाली इतर बायांचे अंगठे. त्यातला लहान अंगठा कोणाचा याची चौकशी करू नये, तिने शाईत हात घातला.)

बोरगट्टा, ता. २१ नोव्हेंबर १९५५

सोबत : बैलाची नाल, नग एक, सरकारी हातोड्याशी ताडून पाहण्यासाठी. काम झाल्यावर परत द्यावी.