बो यारेमकोचा पडलेला हातमोजा

शनिवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९८९, दुसऱ्या सत्राचं सातवं मिनिट. बोहदान यारेमकोच्या उजव्या हातातला हातमोजा बर्फावर पडला, आणि त्याआधीचा मी तिथेच संपलो. जो उरला, तो हे मृत्युपत्र लिहून ठेवतो आहे.

मी, लॉर्न एमिल हाउगन, वय तेवीस, धंदा मागच्या वसंतापर्यंत व्यावसायिक आइस हॉकीपटू आणि उद्यापासून ट्रकचालक, राहणार यॉर्कटन, सस्कॅचेवान, ग्रिटनरबाईंच्या हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते लवकर तापतं ही गोष्ट वेगळी. तापट माणसाचंही मृत्युपत्र चालतं, असं मी विचारून घेतलं आहे. मी प्यालेलो नाही. कुणी धाकदपटशा केलेला नाही. मरायचा बेतही नाही, हे यारेमकोंच्या घरच्यांसाठी मुद्दाम लिहितो, कारण मिसेस यारेमको लगेच रडायला लागतात.

उद्या उत्तरेला जातो आहे. गोठलेल्या तळ्यांवरून खाणींकडे सामानाचे ट्रक न्यायचे. मुकादम म्हणाला, "मृत्युपत्र आणलंस तर ट्रकची किल्ली मिळेल. दोन वर्षांपूर्वी एक गडी बर्फाखाली गेला, आणि त्याच्या बुटांसाठी त्याचे दोन भाऊ माझ्या ऑफिसात भांडत होते." म्हणून हे.

कलम १. याआधी मी एकच मृत्युपत्र केलं होतं, सतराव्या वर्षी, बोच्या तळघरातल्या खोलीत, वहीच्या पानावर. दोघांपैकी जो आधी मरेल त्याचे स्केट्स दुसऱ्याला मिळावेत, असं ठरलं होतं. बोचा पाय माझ्यापेक्षा दोन अंकांनी मोठा आहे, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. ते पान रद्द समजावं. स्केट्स गावच्या रिंकला द्यावेत. ज्याला बसतील त्याने घालावेत, कुणाचे होते ते त्याला सांगू नये.

कलम २. घर. माझ्या नावावर घर नाही. आमच्याकडे सोळाव्या वर्षी संघात निवड झाली की पोरगा आपलं घर सोडून संघाच्या गावी जातो, आणि तिथलं एखादं कुटुंब त्याला ठेवून घेतं. मला यारेमकोंनी ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी मिसेस यारेमको दारात म्हणाल्या, "बूट बाहेर काढ. आणि भूक लागली की विचारत बसायचं नाही, फ्रीज उघडून घ्यायचं." तीन वर्षं मी उघडून घेत होतो. त्यांचा मुलगा बो माझ्याच वयाचा, माझ्याच संघात, माझ्याच खोलीत. मुलगी लॅरिसा एका वर्षाने लहान. ते घर माझं नाही, पण माझं कुठलं घर म्हणून विचारलं तर तेच तोंडात येतं. म्हणून लिहितो: त्या घरावर माझा काही हक्क नाही. का नाही ते कलम सातमध्ये आहे.

कलम ३. वडील, श्री. आर्ने हाउगन. त्यांनी मी चार वर्षांचा असताना गोठ्यामागे पाणी सोडून माझ्यासाठी बर्फाचं अंगण केलं, आणि पुढे बारा हिवाळे रोज पहाटे ते झाडून काढलं. त्यांची इच्छा होती की मी खेळाच्या जोरावर कॉलेजात जावं आणि पदवी घेऊन यावं. मी गेलो, आणि तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत पदवी न घेता परत आलो. संघाने करार दिला असं सांगितलं. ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत, नंतर एकदा फोनवर म्हणाले, "पुस्तकं तरी आणलीस का?" आणली होती. ती माझ्या पलंगाखाली खोक्यात आहेत. सगळी त्यांना. भूगर्भशास्त्राचं सोडून कुठल्याच पुस्तकाचा कणा मोडलेला नाही.

कलम ४. प्रशिक्षक श्री. स्टॅनहोप यांना माझी शेवटची स्टिक. ती जवळजवळ कोरी आहे. त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "हाउगन, तुझी स्टिक धरायला आहे, वापरायला नाही. तुझं काम हातमोजे टाकल्यावर सुरू होतं." दीड मोसमात माझे नऊ गोल झाले आणि पाचशे आठ मिनिटं मी शिक्षेच्या बाकावर बसलो. लोक हसतात, पण हे काम होतं आणि त्याला नियम होते. हातमोजे बर्फावर टाकणं म्हणजे समोरच्याला "ये" म्हणणं. दोघांनी टाकले की पंचसुद्धा बाजूला उभे राहतात. ज्याने टाकले नाहीत त्याला मारायचं नाही. जो पडला त्याला मारायचं नाही. हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणूनच सगळे पाळतात. मीही पाळत होतो. मारामारी करूनही झोप लागायची ती त्यामुळेच.

कलम ५. माझे वरचे चार खोटे दात विनिपेगच्या त्या दंतवैद्याला, ज्याच्याशी लॅरिसाचं येत्या जूनमध्ये लग्न ठरलं आहे. त्याने ते काचेच्या कपाटात ठेवावेत. त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. माणूस चांगला असेल. हात मऊ आहेत, एवढंच बघितलं.

कलम ६. लॅरिसा यारेमको हिला काहीही नाही. तिला न पाठवलेली सतरा पत्रं होती, ती मी काल ग्रिटनरबाईंच्या भट्टीत जाळली. तिला काही दिलं तर तिला त्याचं ओझं होईल, आणि हे मी माझ्या मनचं लिहीत नाही, तिनेच सांगितलं आहे. गुरुवार, ९ फेब्रुवारी. संघाला एक दिवस सुट्टी होती, बोच्या संघालाही. तो आमच्याच लीगमध्ये दुसऱ्या संघाकडून खेळायचा आणि शनिवारी आमचा एकमेकांशी सामना होता. मी यारेमकोंच्या स्वयंपाकघरात गेलो. लॅरिसा आणि तिची आई बटाट्याच्या करंज्या वळत बसल्या होत्या. आई पीठ आणायला आत गेल्या आणि मी बोललो.

"मी कॉलेज करारासाठी सोडलं नाही. तुझ्यासाठी सोडलं."

"मी सांगितलं होतं?"

"नाही, पण..."

"मग माझ्या नावावर लावू नकोस, लॉर्न. मला हे उचलायचं नाही." मग हातातली पारी माझ्याकडे सरकवत, "आणि ही कड नीट दाब. उकळताना फुटेल."

दारात बो उभा होता. कधीपासून होता कोण जाणे. कच्च्या पिठाचा गोळा तोंडात टाकत म्हणाला, "अरे बाबा, तीन वर्षं ती तुला उरलेलं वाढत होती. त्याला प्रेम म्हणत नाहीत. त्याला फ्रीज रिकामा करणं म्हणतात."

लॅरिसा हसली. कुचकेपणाने नाही, कुणीही हसलं असतं. मीही हसलो. आणि करंजीची कड दाबली. ती उकळताना फुटली नाही, हे मिसेस यारेमकोंनी नंतर मला दाखवलं.

कलम ७. हे बोहदान यारेमको याला बंद लिफाफ्यात, माझ्या मृत्यूनंतर द्यावं.

बो, तुला त्या शनिवारचं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आठवणारही नाही. तुला माहीत आहे ते लोकांनी सांगितलेलं, आणि लोकांनी पाहिलं ते खरं आहे. तुझा मोजा पडला, मी माझे टाकले, मी मारलं, तुझ्या डाव्या डोळ्याखालचं हाड गेलं, तू मागे पडलास, डोकं बर्फावर आपटलं. डोळा वाचला नाही. सगळे म्हणाले, मोजा यारेमकोने टाकला, हाउगनने काय करायचं होतं. लीगच्या चौकशीतही तेच ठरलं. मला फक्त नेहमीची पाच मिनिटं.

लोकांनी पाहिलं. ऐकलं मात्र मी एकट्याने.

त्याच्या आधी रबरी चकती येऊन तुझ्या बोटावर बसली होती. तू मोजा टाकला नाहीस, दुखऱ्या हातावरून झटकलास. आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "लॉर्न, थांब रे, बोट गेलं." घरी हाक मारायचास तशा आवाजात. मला शब्दन् शब्द ऐकू आला. तुझं बोटही दिसलं, ते वाकडं झालं होतं. थांबायला वेळ होता. मी तो वेळ स्वयंपाकघरातलं हसणं आठवण्यात घालवला, आणि मग मारलं.

चौकशीत तिघांनी विचारलं, "तो तुला काही म्हणाला का?" मी म्हणालो, "काही नाही." एवढंच. त्यानंतर मोसमात उरलेले अकरा सामने मी खेळलो. समोरच्याने मोजे टाकले की मी माझ्याच मोज्यांकडे बघत राहायचो. स्टॅनहोप म्हणाले, "तुला आता कशाला ठेवायचं?" त्यांचं बरोबर होतं.

हे तरीही मी पोटात ठेवू शकलो असतो. पण परवाच्या शनिवारी, ६ जानेवारीला, तुमच्या घरी जुन्या युक्रेनियन पंचांगाप्रमाणे नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण होतं, आणि तुम्ही मला दरवर्षीसारखं बोलावलंत. ताटाला हात लावण्याआधी तुमच्यात प्रत्येक जण प्रत्येकाची क्षमा मागतो. तुझ्या आईने माझी मागितली, सोळाव्या वर्षी मला एकदा थोबाडीत दिली होती त्याबद्दल. लॅरिसाने मागितली, कशाबद्दल ते सांगितलं नाही. मग तू उठलास. म्हणालास, "लॉर्न, मला आठवत नाही, पण मोजा मी टाकला. मी तुला बोलावलं नसतं तर तुझं खेळणं सुटलं नसतं. मला क्षमा कर."

उत्तर ठरलेलं असतं: देव क्षमा करो, मीही करतो. सगळे माझ्याकडे बघत होते. बीटाचं सूप गार होत होतं. आणि मी म्हणालो.

मी तुला क्षमा केली, बो. हे मला माझ्या तोंडाने करता आलं.

खरं सांगितलं तर ते दार मला बंद होईल. बंद व्हायलाच हवं. पण जिवंतपणी ते बघायची माझी छाती नाही, म्हणून हे मेल्यावर तुझ्याकडे पोहोचावं.

कलम ८. गॅसची शेगडी, रेडिओ आणि खिडकीतला पंखा ग्रिटनरबाईंना. थर्मास आल्फ मॅकरे यांना.

कलम ८, दुरुस्ती. आत्ता कळलं की ज्याला काही मिळणार तो साक्षीदार चालत नाही. दोघेही साक्षीला वर आले आहेत, म्हणून शेगडी, रेडिओ, पंखा आणि थर्मास परत घेतले. ग्रिटनरबाई म्हणाल्या, "पंखा तसाही माझाच आहे." आल्फ गावच्या रिंकवर बर्फ सारखा करायचं यंत्र चालवतो, एकतीस वर्षं. तो म्हणाला, "थर्मास गेला तर गेला, पण सही करतोय ते मी वाचणार." मी म्हणालो, साक्षीदाराने वाचायचं नसतं, फक्त बघायचं असतं. तो म्हणाला, "मग मी बघतो," आणि चष्मा लावला.

पुरवणी, दोन्ही साक्षीदारांसमोर लिहिलेली. आल्फने कलम सात दोनदा वाचलं. त्यानंतरचं बोलणं जसं झालं तसं लिहून ठेवतो, कारण त्यावर पुढचं अवलंबून आहे.

"तू किती वर्षांचा?"

"तेवीस."

"तुझ्या घरात लोक किती जगतात?"

"आजोबा एक्याण्णव."

"म्हणजे अडुसष्ट वर्षं तो पोरगा दर नाताळला उठून तुझी क्षमा मागणार, आणि तू ती देणार. हेच ना?"

मी लिफाफा उलटा करून ठेवला.

"दर शनिवारी तो रिंकवर छोट्या पोरांना शिकवतो," आल्फ म्हणाला. "मी यंत्रावर बसून ऐकतो. पहिलीच गोष्ट सांगतो, 'रागाच्या भरात मोजा टाकू नका रे. मी टाकला, बघा माझं काय झालं.' आठ-आठ वर्षांची पोरं त्याच्या डोळ्याकडे बघतात. तो स्वतःला मूर्ख म्हणवून घेतो, लॉर्न, दर आठवड्याला, तुझ्या वतीने."

मी म्हणालो, मला हे माहीत नव्हतं.

"माहीत असतं तर लिफाफा जाड केला असतास."

ग्रिटनरबाई म्हणाल्या, "आल्फ, पोराला इतकं बोलू नये." मग माझ्याकडे वळून, "पण त्याचं बरोबर आहे, बाळा."

मी चिडलो. उद्या जायचंय, ट्रक आहे, मुकादम आहे, असं बरंच बोललो. खुर्चीही ढकलली. आल्फने खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसला. म्हणाला, "उद्या जा ना. आज मंगळवार आहे आणि तू इथे आहेस."

तेव्हा: कलम ७ मी याद्वारे रद्द करतो. त्यातलं जे बोचं आहे ते त्याला माझ्या मरणानंतर मिळणार नाही, आज मिळेल, तोंडी, त्याच्या आईसमोर आणि लॅरिसा घरी असेल तर तिच्यासमोर. चौकशी केलेल्या तिघांनाही पत्र लिहीन; त्याचा मसुदा मागच्या पानावर आहे, शुद्धलेखन आल्फने बघितलं. बाकीची कलमं कायम. दंतवैद्याचं कलम पाचही काढतो. दात मला लागतील, बोलताना ते नसले की शब्द नीट उमटत नाहीत.

हे सर्व मी समजून-उमजून लिहिलं, वाचून पाहिलं आणि खाली सही केली.

लॉर्न एमिल हाउगन

साक्षीदार:
१. आल्फ्रेड मॅकरे, रिंक कर्मचारी
२. श्रीमती बर्निस ग्रिटनर, घरमालकीण

ठिकाण: यॉर्कटन, सस्कॅचेवान
दिनांक: ९ जानेवारी १९९०, मंगळवार

सहीनंतर. बो धान्याच्या काट्यावर कामाला आहे, साडेबाराला घरी जेवायला येतो. आता बारा वाजून दहा झालेत. चालत गेलं तर वीस मिनिटं. बाहेर उणे एकतीस आहे, ग्रिटनरबाईंनी त्यांच्या नवऱ्याची कानटोपी दिली. काय बोलायचं ते ठरवून बघितलं, पण पहिलं वाक्य सोडून काही जमत नाही. पहिलं वाक्य असं: बो, तू मला थांब म्हणाला होतास.

कागद टेबलावर ठेवतो. खोलीची किल्ली आल्फने खिशात घातली आहे, म्हणजे अर्ध्या वाटेवरून परत आलो तरी आत येता येणार नाही. मी बाहेर पडतो आहे. दार ओढून घेतो.