सहावी वायर

३ सप्टेंबर
आले एकदाची! पस्तीस वर्षं लोकांची पत्रं घरोघर वाटली, आता निवृत्त होऊन या खेड्यात स्वतःचं घर. इथे इंटरनेटची फायबर केबल हवी तर अंगणातला चर ज्याचा त्याने खणायचा, असा ती केबल पुरवणाऱ्या गावाच्या संस्थेचा नियम. संस्थेचा अध्यक्ष सिक्स्टेन शेजारीच राहतो. कॉफीचा कप घेऊन कुंपणावर ओणवला आणि म्हणाला, गुनवोर, चर खणतेस की तळघर? मोबाइलला रेंज नाही, तेव्हा गोथेनबर्गच्या माझ्या लेकीशी, तूवाशी, बोलायचं तर हाच मार्ग.

६ सप्टेंबर
पाच खोल्या, पाच सॉकेट. सगळ्या वायरी मीच ओढून जिन्याखालच्या कपाटात आणल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली. सिक्स्टेनचा टेस्टर जोडला की वायरचं दुसरं टोक किती लांब आहे ते कळतं. नऊ मीटर, सात, बारा. सगळं चोख. तूवा पडद्यावर दिसली, मांडीवर छोटी, माझी नात. दहा मिनिटांत तिला घाई झाली. तिला नेहमीच असते.

९ सप्टेंबर
कपाटात सहावी वायर आहे. मी ओढलेली नाही. टेस्टर म्हणतो, एक्केचाळीस मीटर. माझं घर जेमतेम चौदा. सिक्स्टेन म्हणाला, जुन्या मालकाची असेल, एकटीने बसून डोक्यात भुंगा लावून घेऊ नकोस.

११ सप्टेंबर
सहावी: सव्वीस मीटर. पुन्हा मोजली. सव्वीसच. दुसरं टोक जवळ येतंय. भीती वाटली. पण खोटं कशाला लिहू, आधी मनात आलं ते हेच, की कुणीतरी येतंय तरी.

१३ सप्टेंबर
अकरा मीटर. तूवा म्हणाली, आई, काल काय मजा आली गं, दोन तास! किती हसलीस! काल मी तिच्याशी बोललेच नव्हते. तसं सांगितलं तर म्हणाली, आता विसरायलाही लागलीस? छोटीला घेऊन ये असं तूच म्हणालीस, रजाही टाकली मी. येऊ नकोस म्हणाले, तेवढ्यात पडदा गोठला.

१४ सप्टेंबर
सहावी कापली. तरी टेस्टर सांगतो — चार. तूवाला लावते तर ती दुसऱ्या कॉलवर. पाचदा. सिक्स्टेन एल्क हरणांच्या शिकारीला गेलाय, सगळं गावच रानात. मग तूवाचा निरोप: निघालो, उद्या दुपारी पोचतो. आजीने सांगितलेली गोष्ट छोटीला पुन्हा ऐकायचीय.
मी कुठलीच गोष्ट —

१५ सप्टेंबर
शून्य.
फाटकाशीच त्यांना अडवणार होते. दार उघडत नाही. खिडक्याही —
गाडी आली. छोटी हाका मारतेय, आजी, आजी! मी काचेवर मुठी आपटल्या. इकडे बघतही नाहीत —
पायरीवरून कुणीतरी, माझ्याच आवाजात, आले गं सोनुले —
तूवाने त्या पायरीवरच्या बाईला मिठी मारली. किती घट्ट. मला अशी कधीच —