डबे सगळे आले

रविवार, नास, आयर्लंड. जेवण झाल्यावर.

मास्तर असताना माझ्या चौथीच्या वर्गाने एका सुरात म्हटलेली कविता आज पुन्हा कानात घुमली. सकाळी गाडीत नातीशेजारी बसून तीच कविता थेट किलकेनीपर्यंत म्हणत होतो. किल्ला पाहिला, नदीकाठी दशम्या खाल्ल्या. मी बाकावर जरा रमलो, तोवर मुलाची नि त्याच्या मित्राची अशा दोन्ही गाड्या निघूनही गेल्या. मुलाला वाटलं, बाबा मित्राच्या गाडीत. मित्राला वाटलं, मुलाच्या. सूनबाईंनी डबे मात्र मोजून घेतले होते. तासाभराने मुलगा परत आला तो खेकसतच, "बाबा, हाक तरी मारायची!"

जेवताना सगळे हसले. मीही हसलो. पण डबे मोजताना माणूस कसा सुटतो?

एवढ्यात दार वाजलं. नात! या खोलीत ती कधी येत नाही.

"सॉरी आजोबा. आय सॉ यू ऑन द बेंच. पण परत ती कविता नको होती."