बरोबर कोण आलंय?

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

चंद्रप्रकाशजींचा माझ्यावर एवढा विश्वास कशापायी, ते काही कळत नाही. ते हॉस्पिटलच्या ट्रस्टचे सेक्रेटरी, मी मुलुंडच्या म्युनिसिपल शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. घरी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "वसुधाताई, ओपीडीत बसा. आमचे डॉक्टर पेशंटशी कसे बोलतात ते बघा आणि मार्क द्या. तुम्हाला सवय आहे." डॉक्टरांना पत्ता लागू द्यायचा नाही. मी आपली नंबराचे बिल्ले वाटणारी बाई.

खरा डोळा आहे तो सर्जनवर — डॉ. मिराशी. बोलतच नाहीत अशी तक्रार आहे म्हणे. मार्चअखेर त्यांना ठेवायचं की नारळ द्यायचा ते माझ्या मार्कांवर ठरणार. सेक्रेटरींचा कोणी भाचा-पुतण्या सर्जन होऊन बसलाय का, ते आधी काढायला हवं. फुकट चहा कोणी पाजत नाही.

ह्यांना सांगितलं तर हसले. "तुझ्याकडे दूधवालासुद्धा पास होत नाही, डॉक्टर काय होणार?" नाहीच होत. पाणी घालतो मेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मिराशी मान वर करत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, आडवे व्हा. संपलं. पेशंट अजून शर्टाची बटणं लावतोय तोवर पुढचा आत. दहापैकी तीन.

शेजारच्या खोलीतला फिजिशियन मात्र गोड. ज्याला त्याला "काही नाही हो, मस्त आहात!" पेशंट हसत बाहेर. सात दिले. घरी येऊन पाच केले. सगळेच मस्त असतील तर बाकावर बसून खोकतात कशाला?

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मिराशी मधूनच एखाद्याला विचारतो, "बरोबर कोण आलंय?" सगळ्यांना नाही, एखाद्यालाच. मग पेशंटला ड्रेसिंगच्या खोलीत धाडतो आणि नातेवाइकाला घेऊन मागच्या गॅलरीत जातो. दार लोटून. तिथे काय शिजतं?

१० फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. विक्रोळीची जानकी, चाळिशीची असेल, पोटाचं ऑपरेशन झालेलं. नवरा लवू बरोबर होता. मिराशीने रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "बरोबर कोण आलंय?" नवरा समोर उभा असताना! जानकीने फक्त नवऱ्याकडे बघितलं. मग ती ड्रेसिंगला, लवू गॅलरीत.

मी बिल्ले मोजायच्या निमित्ताने दाराशी गेले. काचेतून दिसलं — लवूने हात जोडलेत, मिराशी मान हलवतोय. नाही, नाही. आणि मग एकदा, हो.

ऑपरेशनमध्ये काहीतरी घोळ घातला असणार ह्याने. आता नवऱ्याला गप्प बसवतोय. नाहीतर गरीब माणूस एवढे हात कशाला जोडेल? बाईचं पोट, बाईचं दुखणं, आणि तिलाच बाहेर काढतात. संताप आला. एक मार्क दिला, तोही अक्षर बरं आहे म्हणून.

हे म्हणाले, "पुरावा काय?" ह्यांना गेल्या वर्षी अटॅक येऊन गेला तेव्हापासून मी आवाज चढवत नाही. नाहीतर सांगितलं असतं पुरावा काय ते.

१३ फेब्रुवारी

लवूला कँटीनमध्ये गाठलंच. चहा घेऊन दिला. (चंद्रप्रकाशजींची विद्या!) म्हटलं, घाबरू नकोस, माझी वरपर्यंत ओळख आहे. डॉक्टरने काय चूक केली ते सांग.

तो बघतच राहिला. "चूक? खंयची चूक? बाई, मीच त्यांचे पाय धरलंय. ते म्हणी, बायकोक सांगूक व्हया. मी म्हटलंय, तिका सांगलात तर ती आजच हातपाय गाळतली."

कॅन्सर आहे. पोटात पसरलाय.

मी चहा तसाच ठेवून उठले. वाईट वाटलं. तरी एक शंका राहतेच — हा सांगतो ते खरं, की मिराशीने पढवलेलं?

१७ फेब्रुवारी

ओपीडी आटोपल्यावर सरळ आत शिरले. म्हटलं, डॉक्टर, ज्याचं दुखणं त्याला का सांगत नाही तुम्ही?

चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. हात पुसत म्हणाला, "बाई, जो विचारतो त्याला सांगतो. इतक्या वर्षांत फार थोड्या पेशंटनी विचारलं. विचारतात नातेवाईक, आणि ऐकून झालं की हात जोडतात. मी कोणाचं ऐकू?"

"पेशंटचं."

"पेशंट बोलत नाही हो."

एवढा बोलला मला. पेशंटशी बोलायला काय होतं? सोपं आहे नातेवाइकांवर ढकलणं. मी असते तर तोंडावर विचारलं असतं. बघू कसा सांगत नाही ते.

तेच करायचं. स्वतः पेशंट होऊन त्या खुर्चीत बसायचं. खोटं दुखणं सांगणं जमायचं नाही मला, चेहऱ्यावर दिसतं. पण डाव्या बाजूला छातीत ती गाठ आहेच, दिवाळीपासूनची. दुखत नाही, खुपत नाही. तीच दाखवते.

२० फेब्रुवारी

केसपेपर काढला. बिल्लेवाली बाई पेशंट म्हणून आली तरी त्याला नवल नाही! तपासलं, आयाबाई उभी होती. सुई घालून थोडं काढून घेतलं, तपासायला पाठवलं.

मुद्दाम विचारलं, "काही नाही ना?"

"रिपोर्ट आल्यावर सांगतो."

शेजारचा असता तर मस्त आहात म्हणाला असता. ह्याला तेवढंही जड! दोन मार्क. सुई दुखते अजून.

ह्यांना म्हटलं, मार्कांसाठी आहे सगळं. हे हसले नाहीत.

२७ फेब्रुवारी

जानकी ड्रेसिंगला आली होती. लवू औषधाच्या खिडकीशी उभा. माझ्या शेजारी बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, माका सगळा ठावक आसा. आईक माझ्या ह्याच झाला होता."

म्हटलं, अगं, मग डॉक्टरला विचारत का नाहीस?

"विचारलंय तर ह्येंका कळात, माका कळला म्हणान. ह्येंका धसको बसतलो. ते रात्री माझ्यासाठी पेज करतत, गाणी म्हणतत. करू देत." मग हसली. "तुमी सांगू नकात हां."

लवू आला तशी ती पदर सावरून उठली आणि त्याला पिशवी नीट धर म्हणून ओरडली. मी बिल्ले वाटत बसले. एक नंबर दोघांना गेला, भांडण झालं.

३ मार्च

रिपोर्ट नाही आला. आठवडा उलटला. दडवत तर नाहीत ना?

मिराशीचे मार्क खोडून पुन्हा घातले, पुन्हा खोडले. कशाचे द्यायचे तेच कळेना. चंद्रप्रकाशजींचा निरोप होता, लवकर द्या. एवढी घाई का?

हे म्हणतात गुरुवारी मीही येतो बरोबर. नको म्हटलं, जिने चढायचे नाहीत तुम्ही. तर म्हणे सावकाश चढेन. ह्यांना कसला वास लागलाय?

६ मार्च, गुरुवार

मिराशींनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "बाई, बरोबर कोण आलंय?"

म्हटलं, मला सांगा.

सांगितलं त्यांनी. सावकाश, मराठीत, काही न लपवता — काय आहे, काय कापावं लागेल, पुढे काय. मी दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. दहापैकी दहा.

मग मी हात जोडले. म्हटलं, डॉक्टर, बाहेर बाकावर हे बसलेत. त्यांना साधी गाठ आहे एवढंच सांगा.