निळ्या मस्टँगची सीट

१४ मे २००८, बुधवार

डेल्मार पुढच्या शुक्रवारी घरी येणार! डॉक्टर म्हणाले, पाय सुधारतोय, शब्दांना वेळ लागेल. काल त्याने चमच्याला खुर्ची म्हटलं आणि स्वतःवरच चिडला. मी हसले. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला म्हणून बायकोने हसू नये, असं कुठे लिहिलंय?

१६ मे

चर्चच्या बायका परत टूना-नूडल्स देऊन गेल्या. फ्रीजमध्ये जागा नाही, आणि नको म्हणायची सोय नाही.

संध्याकाळी गॅरेजात जाऊन त्याच्या मस्टँग गाडीवरचं कापड काढलं. सहासष्ट सालची, निळी, त्याने कोरी घेतलेली. माझ्या बाजूची सीट शिवणीवर फाटलीय, आतला स्पंज दिसतो. दरवर्षी म्हणते, शिवून घे. दरवर्षी ‘बघू’. आता जूनमधल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गाडी दुसरं कोणी चालवणार आणि हा शेजारी बसणार. त्या फाटक्यावर? छे.

१९ मे

सीटकाम करणारा ओटिस सीट काढून घेऊन गेला. तसंच निळं रेक्झीन आहे म्हणाला. डेल्मारला सांगायचं नाही. बघू दे आल्यावर!

२१ मे

बसवून गेला. काय तुकतुकीत दिसते! जुनं रेक्झीन कचऱ्याच्या गाडीत गेलं. ब्याद टळली.

२२ मे, गुरुवार

माझं डोकं कुठे होतं?

हार्लन बॅटरी बघायला आला होता. डेल्मारचा गाड्यांच्या क्लबातला दोस्त. लोकांना नातवंडांचे वाढदिवस पाठ असतात, याला मस्टँगची सालं. पासष्टचा वेगाचा काटा आडव्या पट्टीत, सहासष्टचा गोल तबकडीत. पासष्टच्या पुढच्या जाळीतल्या धातूच्या घोड्याला बाजूंनी दांड्या, सहासष्टचा घोडा मोकळा. आमच्या जेवणाच्या टेबलावर हे मी इतकं ऐकलंय की झोपेत म्हणेन.

आज त्याने गाडीचं दार उघडलं.

“व्हर्ना, जुनी सीट कुठंय?”

“गेली.”

तो पालथ्या बादलीवर बसला. “अगं, ही गाडी ‘जशीच्या तशी’ गटात उतरते. कारखान्यातून निघाली तशी पाहिजे. रंग उडू दे, फाटू दे, पण मुळातलं पाहिजे.”

“म्हणजे तुम्ही फाटक्याला बक्षीस देता?”

“हो. नवं काय, कोणीही करून घेईल. मुळातलं एकदाच असतं.” जाताना म्हणाला, “मी नाही बाई त्याला सांगणार. तूच सांग.”

हॉलमधल्या भिंतीवर त्याच्या पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फिती आहेत. पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा खरी सांगणारा माणूस तो. एवढी एकच गोष्ट मिरवायचा, आणि तीही मी प्रेमाने उसवून टाकली. खूप रडले.

२३ मे

आला घरी. सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

२४ मे

सकाळी स्वतःच काठी टेकत गॅरेजात निघाला. मी मागे. त्याने दार उघडायच्या आत मी सगळं भडाभडा सांगून टाकलं – ओटिस, रेक्झीन, हार्लन.

तो रागावला नाही. सीटवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “मुळातली... नव्हती.”

शब्द चुकला असं वाटलं. म्हटलं, “होती रे. हार्लन म्हणाला ना.”

“नव्हती.”

दिवसभर धड जेवलाही नाही.

२५ मे, रविवार

आज चर्चला गेलो नाही. पलंगाच्या कडेला बसून तो शब्द शोधत होता. “एकाहत्तर,” म्हणाला. “मार्च. तू... दवाखान्यात.” आणि मला कळलं.

पाचव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली तो मार्च. त्यानेच मला त्या गाडीतून नेलं होतं. सीट रक्ताने भिजली होती. परत येताना दार उघडलं तर सीट स्वच्छ! कसं निघालं रे, विचारलं, तर म्हणाला, थंड पाणी आणि मीठ. मी आजवर तेच खरं मानलं. रक्ताचा डाग पडला की शेजारणींनाही तोच उपाय सांगत आले.

बाकीचं त्याच्या तुटक शब्दांतून कळलं: भंगारातल्या दुसऱ्या एका सहासष्टची सीट काढून आणली होती त्याने, मला डाग दिसू नये म्हणून. मग लोक तिलाच मुळातली म्हणायला लागले, फिती देऊ लागले, आणि हा गप्प राहिला. त्यांना खरं सांगायचं तर आधी मला सांगावं लागलं असतं.

मी त्याला फार वेळ धरून बसले.

२६ मे

स्मृतिदिनाची सुट्टी. सगळं गाव फुलं घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर गेलंय. आमच्या मुलीला थडगं नाही. तेव्हा तसं करत नसत. मी तिला नावही ठेवलं नव्हतं.

आज विचारलं, “तू ठेवलं होतंस का?”

सकाळी कपाला काय म्हणतात ते त्याला आठवत नव्हतं. हे मात्र न अडखळता म्हणाला.

लोइस.