चादरीचं दुसरं टोक

सोमवार, ५
आजपासून ठरलं. महिनाअखेर मी रोलरवर. चादरींच्या घड्या घालत जन्म काढायला इतक्या लांब नाही आलो. लॉन्ड्रीत रोलरवाला तेवढा खरा माणूस. ओली चादर आत, कडक इस्त्री बाहेर. बाकी सगळे टोकं धरणारे. एका टोकाला मी, दुसऱ्याला मामा. आईचा सख्खा भाऊ, त्यानेच मला इथे चिकटवलं. चादर ताणायची, झटकायची, पुढे जाऊन टोकं त्याच्या हातात द्यायची, परत मागे. मामा सावकाश. त्याच्यामुळे मी मागे पडतो.

बुधवार, ७
ट्रॉलीवाल्याने पांढरी गोळी दिली. म्हणाला, झोप, भूक, कंटाळा, तिघंही सुट्टीवर. खरंच. डोक्यात कोणीतरी सगळे दिवे लावले. महिनाअखेरपर्यंतच घ्यायची. व्यसन वगैरे कमजोर डोक्याच्या लोकांना लागतं.

रविवार, ११
आता दोन. एक पुरत नाही. मालाचा दर्जा घसरलाय. आईला फोन करायचा राहिला.

मंगळवार, १३
मामाने धरून लॉन्ड्रीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईकडे नेलं. तिने कागदावर मेंदू काढला. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. म्हणे आत एक पेशी दुसरीला रस देते, निरोप पोचला की उरलेला परत घेते. गोळी तो परत घेऊच देत नाही. रस साचतो, मजा येते. मग पलीकडची पेशी कंटाळून दारं लावून घेते आणि गोळीशिवाय काही गोड लागत नाही. पुढे पुढे नसलेलंही दिसायला लागतं.
मी म्हटलं, बाई, हे तर आमच्या चादरीसारखंच. ती म्हणाली, हो, पण पलीकडचा निघून गेला तर घडी कोणाबरोबर घालणार?
सातवी नापासाला एवढं कळलं, म्हणजे मेंदू शाबूत आहे. त्या आनंदात जेवणाच्या सुट्टीत दोन घेतल्या.

शुक्रवार, १६
मामाशी वाजलं. बराच वेळ काहीतरी सांगत होता. ड्रायर, सुपरवायझर, सोमवार असे शब्द होते. मी हो हो म्हटलं. शेवटचं तेवढं ऐकलं.
"तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू रे?"
आईला मध्ये आणलं की माझं डोकं फिरतं.

मंगळवार, २०
मामा सुधारला. बोलत नाही, खोकत नाही. मी झटकलं की तोही झटकतो. चादर कशी हलकी लागते. पूर्वी तो ओढायचा, मनगटं भरून यायची. लोक काम थांबवून आमच्याकडे बघतात. जळतात.

गुरुवार, २२
मामा जेवायला येत नाही. विचारलं की नुसता हसतो. दात जरा जास्त दिसतात. डोळे मिटले तरी तो पलीकडे उभाच. नजर तेज झाली असावी. उद्यापासून गोळ्या कमी. उद्या नको, रोलरची परीक्षा झाली की.

बुधवार, २८
परीक्षा. मामाला विचारलं, तयार? त्याने मान हलवली. मी चादर रोलरला लावली. दुसरं टोक फरशीवर घसटत आत गेलं, गुंडाळलं, पाठोपाठ माझी बाही. हात ओढला जायला लागला. तेवढ्यात ड्रायरच्या खोलीतून मामा ओरडत धावत आला आणि त्याने लाल बटण दाबलं.
आणि मामा पलीकडे टोक धरून उभा होता. हसत.
सुपरवायझर म्हणाला, नवा जोडीदार देतो म्हटलं तर म्हणालास, आहे की. आम्हाला वाटलं, पोरगा एकट्याने घड्या घालायची नवी रीत काढतोय. तुझी सगळी चळत फरशीवरून उचलून परत धुतली आम्ही.

गुरुवार, २९
रोलर गेला, घड्याही गेल्या. खोलीवर बसवलंय. गोळ्या मामाने नर्सबाईच्या ताब्यात दिल्या. अंग शिसं झालंय. हात मात्र जागेवर आहे.
संध्याकाळी मामा आला. माझ्या पलंगावरची चादर ओढली, एक टोक माझ्याकडे टाकलं.
"धर."
धरलं. त्याने ओढलं. मनगटात कळ आली. इतकं बरं वाटलं की रडू आलं. विचारलं, ड्रायरला कधी गेलास? म्हणाला, त्या सोमवारपासून, तुला सांगून गेलो की. घडी झाली. माझी टोकं त्याच्या हातात दिली. हात गरम होते.
दुसरा मामा अजून खिडकीपाशी उभा आहे. टोक धरून. मामाला सांगितलं नाही, उगीच घाबरेल. मी त्याच्याकडे बघणार नाही. आजपासून ठरलं.