सहा ते सव्वासहा

लुंड (स्वीडन), बुधवार

प्रिय गुनवोर,

आज धर्म-अभ्यास विभागाच्या दर बुधवारच्या सार्वजनिक व्याख्यानाला गेलो होतो. जानेवारीत पत्रक आलं, तेव्हा तू याच व्याख्यानावर पेन्सिलीनं खूण केली होतीस. तुझ्या अंत्यविधीनंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो. एकट्याला जमतं का, ते बघायचं होतं.

पत्रकात सहा लिहिलं की व्याख्यान सव्वासहाला सुरू होतं, हे विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक असतं. एकतीस वर्षांपूर्वी ते माहीत नसलेले आपण दोघंच. रिकाम्या सभागृहात मी तुला विचारलं, "लोक कुठे गेले?"

"तुम्ही वेळेवर आलात, म्हणजे विद्यापीठाचे नक्कीच नाही," तू म्हणालीस. "बसा, कॉफी घ्या."

पुढे रीत कळली, तरी आपण सहालाच जात राहिलो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. घरी येताना तू व्याख्यानावर बोलायचीस आणि मी नुसती मान डोलवायचो. "आल्रिक, झोपला होतास ना?" असं विचारायचीस. झोपलो नव्हतो गं. पण मी त्या पंधरा मिनिटांसाठीच येत होतो.

आजही सहाला जाऊन आपल्या रांगेत बसलो, थर्मासमधली कॉफी प्यालो. वक्ते बोलायला उभे राहिले, तसा मी उठलो. दारातली मुलगी म्हणाली, "आजोबा, आत्ता तर सुरू होतंय!"

"माझं झालं, पोरी," मी म्हटलं.

हे पत्र तुझ्या पत्रकातच ठेवतो. पुढच्या बुधवारी पुन्हा सहाला जाईन.

तुझाच,
आल्रिक